मुंबईहून आणलेला समुद्री मासा: जळगावच्या घरातले पहिले चार आठवडे

रात्रीच्या गाडीने पिशवी सांभाळत आपण जळगावला उतरतो, घरी येऊन थर्माकोलचा खोका उघडतो, आणि मासा पिशवीच्या कोपऱ्यात गप्प पडलेला दिसतो. शेपटीचं टोक फाटलेलं, एक डोळा धुरकट, रंग उडालेला. अशा वेळी प्रत्येक नवख्याच्या तोंडी एकच प्रश्न येतो: कोणतं औषध घालू?

माझ्याही तोंडी तोच आला होता. गोल्डफिश आणि गप्पी पाळण्यात माझी बरीच वर्षं गेली होती, त्यामुळे पहिली क्लाउनफिशची जोडी आणली त्याच रात्री मी सवयीने टाकीत निळं औषध आणि वर मूठभर जाडं मीठ टाकलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे गेले. पुढे कळलं की त्यांना आजार असा नव्हताच, प्रवासाचा शीण होता. त्या निळ्या औषधाने, म्हणजे मेथिलीन ब्लूने, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारले, अमोनिया चढला, आणि तो माशांना झेपला नाही. जाड्या मिठाचं तर प्रयोजनच नव्हतं, कारण समुद्री मासा मिठाच्याच पाण्यात राहतो. ती जोडी आजही आठवते, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितो आहे. नव्या माशाच्या बहुतेक बारीकसारीक तक्रारी स्वच्छ पाणी, अंधार आणि पोटभर खाणं यांवर बऱ्या होतात. औषधाची पाळी आलीच तर ती आजार ओळखल्यावर.

मासा आणण्याआधी वेगळी टाकी

नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही. त्याच्यासाठी 50 ते 80 लिटरची साधी काचेची टाकी वेगळी ठेवा. मासे पाळणारे तिला क्वारंटाइन टँक म्हणतात. तळाला वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि तुकडे द्या. जळगावात पाइपांना तोटा नाही, फक्त नवे घ्या, सोल्यूशन न लावलेले, आणि चांगले धुऊन घ्या. स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर, थर्मामीटर आणि वर झाकण. झाकण विसरू नका, घाबरलेला मासा उडी मारतोच. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जुनं वर्तमानपत्र चिकटवा, म्हणजे घरातली ये-जा त्याला दिसणार नाही.

स्पंज महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीच्या पाण्यात ठेवलेला असावा. त्यात जिवाणू वसलेले असतात आणि तेच माशाच्या मलमूत्रातला अमोनिया खातात. कोरा स्पंज लावला तर पहिले काही आठवडे ते काम पाणी बदलून तुम्हालाच करावं लागेल.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडचे अर्धे घोटाळे तिथेच होतात. बोअरचं पाणी जड असतं, ते चालणार नाही. आरओचं घ्या, पण घरातल्या प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर असेल तर तो थोडं कच्चं पाणी परत मिसळत असतो, तो बंद करून घ्या. हल्ली पुष्कळ प्युरिफायरमध्ये तांब्याची कांडी असते. ते पाणी, किंवा तांब्याच्या हंड्यातलं पाणी, समुद्री टाकीसाठी वापरू नका. आपल्याला गुणकारी वाटणारं तांबं कोळंबी, शंख आणि कोरल यांना विष ठरतं. मीठ मरीन सॉल्ट म्हणून मिळतं तेच, लिटरला साधारण 35 ग्रॅम. स्वयंपाकघरातलं किंवा लोणच्याचं मीठ नाही. पाण्यात मीठ घातल्यावर पंप लावून ते एक दिवस फिरू द्या, मगच वापरा.

आणखी एक मोजमाप आधीच ठरवायचं असतं. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 च्या आसपास. पुष्कळ दुकानदार मात्र 1.018 ते 1.020 वर मासे ठेवतात. त्यात मीठ कमी लागतं आणि परजीवींचा त्रासही थोडा कमी होतो. मी खरेदीला जाताना रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याची घनता मोजायचं उपकरण, खिशात घेऊनच जातो. दुकानातल्या पाण्याचे दोन थेंब मोजायचे, आकडा घरी फोनवर कळवायचा, आणि घरच्यांनी वेगळ्या टाकीचं पाणी त्याच आकड्यावर आणून ठेवायचं. हे का, ते पुढे येईल. दुकानात असतानाच मासा आपल्यासमोर खातो का, तेही बघून घ्या. न खाणारा मासा कितीही देखणा असला तरी नवख्याने आणू नये.

आणि कोणी समुद्री घोडा किंवा कोरल आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या समुद्रातले समुद्री घोडे आणि कठीण कोरल संरक्षित आहेत.

पहिला तास

मुंबई ते जळगाव रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर. पॅकिंग, स्टेशनवरचा वेळ आणि घरापर्यंतची रिक्षा धरली की मासा दहा-बारा तास पिशवीत असतो. तेवढ्या वेळात त्याचा अमोनिया त्याच पाण्यात साठतो. पण श्वासातून कार्बन डायऑक्साइडही साठत जातो, पाणी आम्लाकडे झुकतं, आणि त्या स्थितीत अमोनिया फारसा घातक नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर येतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून लांबचा प्रवास केलेल्या पिशवीत थेंबथेंब पाणी सोडत तास-दोन तास मासा ठेवण्याची पद्धत इथे उलटते. गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशासाठी ती ठीक आहे.

आपण असं करायचं. खोलीतले दिवे मंद करा. बंद पिशवी वेगळ्या टाकीत 20 मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून लगेच मासा प्लास्टिकच्या वाडग्याने किंवा स्वच्छ हाताने उचला आणि टाकीत सोडा. घनता आधीच जुळवलेली असल्यामुळे त्याला धक्का बसत नाही. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टाकीत अजिबात नको. जाळी शक्यतो वापरू नका. टँग जातीच्या माशाच्या शेपटीजवळचा काटा आणि एंजल जातीच्या माशाच्या गालाचा काटा जाळीत अडकतो, आणि तो सोडवताना नवी जखम होते.

पुढचे तीन ते सात दिवस घनता रोज 0.001 ते 0.002 एवढीच वाढवत 1.025 पर्यंत न्या. चढवताना घाई झाली तर माशाला सोसत नाही. उतरवणं त्या मानाने त्याला सोपं जातं.

पहिला दिवस टाकीचा दिवा बंद. खाणं संध्याकाळी चिमूटभर, नाही खाल्लं तर काढून टाका.

ज्याने घाबरू नये असं बरंच काही

सकाळी दिवा लावल्यावर मासा फिका, डागाळलेला दिसला तर अर्धा तास थांबा. पुष्कळ मासे रात्री रंग उतरवतात. निळा टँग घाबरला की आडवा पडून मेल्यासारखा राहतो. काही रॅस जातीचे मासे वाळूत शिरून झोपतात. त्यांच्यासाठी टाकीत वाळूचा एक वाडगा ठेवा, आणि पहिले दोन-चार दिवस तो त्यातून बाहेर आला नाही तरी उकरून काढू नका. क्लाउनफिश कोपऱ्यात डोलत राहतो, तसं डोलणं त्याच्या रक्तातच आहे.

एक वही ठेवा. कल्ले 15 सेकंदांत किती वेळा उघडतात ते मोजून चारने गुणायचं आणि रोज सकाळी त्याच वेळी लिहायचं. पहिल्या दिवशी आकडा जास्त असणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो खाली येत असेल तर तुमचं ठीक चाललं आहे. वर जात असेल तर आधी अमोनिया तपासा, मग माशाकडे जवळून बघा.

किरकोळ दुखणी, एकेक करून

फाटलेले पर आणि खरचटलेली कातडी सगळ्यांत जास्त दिसते. पिशवीत घासून, दुकानातल्या दुसऱ्या माशाने चावून, जाळीने, कशानेही होतं. पाणी स्वच्छ असेल तर एक-दोन आठवड्यांत पर पुन्हा भरतो, कडेला आधी पारदर्शक पापुद्रा दिसतो. कडा लाल झाल्या, पर बुडाकडे झडत चालला, किंवा कापसासारखं काही दिसलं, तर जखमेत संसर्ग झाला असं समजा. औषधाचा विचार तेव्हा.

एक डोळा धुरकट असेल तर बहुधा मार लागलेला असतो, तो आपोआप निवळतो. दोन्ही डोळे धुरकट असतील तर पाणी बिघडलं आहे का ते बघा. पाणी ठीक असूनही मासा अंग घासत असेल, तर फ्लूक म्हणजे कातडीवर आणि डोळ्यांवर बसणारे चपटे कृमी असण्याची शक्यता मोठी. त्यावर प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध चालतं. खात्री करायची असेल तर गोड्या पाण्याची पाच मिनिटांची अंघोळ घालतात. आरओचं पाणी, तापमान टाकीएवढंच, चिमूटभर खायचा सोडा घालून पीएच जुळवलेला, एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, चालू. कृमी असतील तर पांढुरके कण गळून भांड्याच्या तळाला पडतात, म्हणून भांडं गडद रंगाचं घ्या. समोरून हलू नका, मासा फार तडफडू लागला तर लगेच काढा. आधीच धापा टाकणाऱ्या माशाला ही अंघोळ घालू नये.

परांच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर त्याला लिम्फोसिस्टिस म्हणतात. हा विषाणूचा प्रकार आहे. दिसायला भीतीदायक, पण औषध नाही आणि बहुतेक वेळा गरजही नसते. ताण कमी झाला आणि खाणं सुधारलं की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत गाठी गळून पडतात. नवखी माणसं याला पांढरे ठिपके समजून औषधं ओततात. फरक लक्षात ठेवा: गाठ वाढत जाते आणि एकाच जागी असते, ठिपके मिठाच्या कणांएवढे असतात आणि रोज जागा बदलतात.

आता न खाणं. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण उपाशी मासा बाकी कशाशीच झगडू शकत नाही. आर्टेमिया म्हणजे ब्राइन श्रिंप जिवंत मिळाले तर फार उत्तम. हलतं खाणं दिसलं की हट्टी मासाही तोंड उघडतो. अंडी घरी फोडता येतात: लिटरला 25 ते 30 ग्रॅम मिठाचं पाणी, सतत हवा, 26 ते 28 अंश, आणि दीड दिवसाच्या आत नारिंगी पिल्लं. नंतर हळूहळू मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि दाण्यावर आणा. खाण्याचे गोठवलेले चौकोन टाकीच्या पाण्यात वितळवून, गाळून, मग द्या. लोडशेडिंगमध्ये फ्रीजर बंद राहून ते वितळलेले आणि पुन्हा गोठलेले असतील तर फेकून द्या, पैशांकडे बघू नका. टँगला काचेला क्लिपने लावलेली नोरी, म्हणजे बिनमसाल्याची समुद्री शेवाळाची पट्टी लागते. पालक हा तात्पुरता आधार.

लसूण चालतो का, हे मला प्रत्येक जण विचारतो, आणि आपल्याकडे लसणाशिवाय घासच उतरत नाही तेव्हा विचारणं साहजिक आहे. पाकळी ठेचून तिच्या रसात मायसिस दहा मिनिटं भिजवलं तर वासाने काही मासे खायला लागतात. एवढाच त्याचा उपयोग. लसणाने परजीवी मरत नाहीत.

पांढरे ठिपके आणि मोरचूद

पर आणि अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखं दिसतं तो मरीन इच. गोड्या पाण्यातल्या इचपेक्षा हा परजीवी वेगळा आहे, त्यामुळे पाणी तापवण्याचा तिकडचा उपाय इथे लागू पडत नाही. याचं चक्र समजून घ्या. परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस पोसतो, मग सुटून तळाला किंवा दगडाला चिकटतो, तिथे त्याच्या कवचात शेकडो पिल्लं होतात, आणि ती काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. मधले दिवस मासा अगदी स्वच्छ दिसतो. "भाऊ, आपोआप बरा झाला" असा फोन मला नेहमी याच टप्प्यावर येतो, आणि दहा दिवसांनी दुसरा फोन येतो. वेगळ्या टाकीत चार आठवडे काढायचे ते याच चक्रासाठी.

याच्यावर खात्रीचं औषध तांबं. आणि इथे एक धोका आहे तो खास आपल्या भागातला. बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे पिकावरच्या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी, आणलेलं मोरचूद पुष्कळ शेतकरी घरांत पडलेलं असतं. मोरचूद म्हणजे तांब्याचंच सल्फेट, तेव्हा चिमूटभर टाकायला काय हरकत, असं वाटतं. रावेरकडच्या माझ्या ओळखीच्या एका मुलाने नेमकं हेच केलं आणि सकाळी टाकीतले सगळे मासे पालथे होते. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. साध्या, मोकळ्या तांब्याची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. रसायनात बांधून दिलेल्या, म्हणजे चिलेटेड तांब्याची साधारण 2 ते 2.5. दहा पटींचा फरक. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर काय होईल ते दिसतंच. म्हणून माशांसाठीच बनवलेलं औषध घ्या, लेबल वाचा, त्या प्रकाराला चालणारं तांब्याचं टेस्ट किट घ्या, मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि लेबलवर सांगितलेले दिवस, सहसा 14 ते 30, ती सलग टिकवा. रोज मोजा. टेस्ट किट नसेल तर तांबं वापरूच नका.

औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. अमोनिया बांधणारं द्रव्य त्याच वेळी घालू नका, काही तांब्याच्या औषधांबरोबर ते पाणी विषारी करतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात तेवढ्याच मात्रेचं औषध आधी मिसळून घ्या. मोठ्या टाकीत तांबं कधीही नाही. ते दगडात आणि वाळूत मुरतं आणि पुढे कित्येक दिवस सुटत राहतं.

थांबायचं नाही अशी दोन लक्षणं

अंगावर पिठासारखी बारीक, सोनेरीसर धूळ, जोरात श्वास, पाण्याच्या झोताकडे तोंड करून उभं राहणं, उजेड टाळणं: हे व्हेल्व्हेट. एक-दोन दिवसांत मासा जातो, त्यामुळे इथे वाट बघणं नाही, तांब्याची तयारी त्याच दिवशी. क्लाउनफिशच्या अंगावर पांढऱ्या चिकट साली सुटायला लागल्या तर ब्रुकलिनेला. त्यावर तांबं चालत नाही, वेगळा उपचार लागतो, आणि तो जाणत्या माणसाला विचारूनच करायचा. त्याला फोन करण्याआधी फोटो आणि छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

आपला उन्हाळा, आपली वीज

टाकी 25 ते 27 अंशांवर हवी, आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेर 45. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खारं पाणी गोड्यापेक्षा मुळातच कमी प्राणवायू धरतं. त्यामुळे कल्ले किंचित दुखावलेला नवा मासा आपल्याकडे उन्हाळ्यात पटकन दगावतो. शक्य असेल तर खरेदी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. पण थंडीतही हीटर हवाच, जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो.

उन्हाळ्यात एसी नसेल तर टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी उडून दोन-तीन अंश तरी उतरतात. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा गुण जातो, तेव्हा कूलर दुसऱ्या खोलीत न्या. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घाला, मिठाचं नाही, कारण मीठ उडत नाही. लहान टाकीत दिवसातून दोनदा भर घालावी लागते. वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

एअर पंप खोलीतलीच हवा टाकीत ढकलतो, हेही लक्षात असू द्या. डासांचं लिक्विड, अगरबत्ती, नगरपालिकेची धूरफवारणी, सगळं त्यातून पाण्यात जातं. कपाशीवर किंवा केळीवर फवारणी करून आलेला हात नुसता धुऊनही टाकीत घालू नये. घरात तशी कामं करणारं माणूस असेल तर टाकीतलं सगळं काम दुसऱ्याने करावं.

मोठ्या टाकीत नेताना

मासा रोज खातो आहे, जखमा भरल्या आहेत, श्वासाचा आकडा सलग दोन आठवडे स्थिर आहे, आणि चार आठवड्यांत एकही ठिपका नाही, असं झालं की मासा न्यायला हरकत नाही. मध्ये उपचार करावे लागले असतील तर चार आठवडे उपचार संपल्यापासून मोजा. घनता आणि तापमान दोन्ही टाक्यांचं सारखं करा. संध्याकाळी, जुन्या माशांना खायला घालून, दिवे विझवून मग नवा मासा वाडग्याने सोडा.

नंतर वेगळी टाकी रिकामी करून धुवा आणि गच्चीवर दोन-तीन दिवस कडक वाळवा. पाइपचे तुकडेही तसेच. त्यात तांबं वापरलं असेल तर तो स्पंज टाकून द्या, आणि नवा स्पंज आजच मोठ्या टाकीच्या पाण्यात सोडून ठेवा.